दीर्घकालीन कावीळ ब : रोजची गोळी, तिची वेळ आणि ती बंद करण्याचा प्रश्न

आबोली_फोंडा (धागाकर्ती)

रक्तदानानंतरच्या तपासणीतून माझ्या थोरल्या भावाला कावीळ ब चा दीर्घकालीन संसर्ग असल्याचे उघड झाले. पुढे फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी), रक्तातील विषाणूचे प्रमाण आणि एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) पाहून डॉक्टरांनी त्याला एन्टेकाव्हिर ०.५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू केली. आता वर्ष उलटून गेले आहे. ताज्या रिपोर्टमध्ये विषाणूचा डीएनए आढळला नाही असे लिहून आले आहे, एएलटीही पूर्ववत झाले आहे. त्यामुळे चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) हातातल्या गोळ्या संपवायच्या आणि पुढे नव्या आणायच्याच नाहीत, असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे.

दुसरी गोष्ट अशी की गोळी अनशापोटी घ्या असे त्याला सांगितले आहे, पण तो सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव आला की चहा-पाव खातो आणि लगेच गोळी घेऊन कामाला निघतो. शिवाय आमच्या मामी दर आठवड्याला भुईआवळीचा रस पाठवतात आणि तोही श्रद्धेने घेतला जातो. या तिन्ही बाबतींत जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. औषध कोणते घ्यावे हे मी विचारत नाही. दिलेले औषध नीट कसे घ्यावे, एवढेच विचारते आहे.

जुवारीकाठ

मी निवृत्त फिजिशियन आहे. तुमच्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे, हे गृहीत धरावे.

सर्वांत आधी गोळी बंद करण्याविषयी, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी जिवावर बेतू शकणारा प्रश्न हा एकच आहे. डीएनए आढळला नाही याचा अर्थ विषाणू गेला असा होत नाही. कावीळ ब चा विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचे एक वर्तुळाकार, टिकाऊ रूप ठेवून देतो आणि एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर या गोळ्या त्या साठ्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्या फक्त नव्या विषाणूंची निर्मिती रोखतात. शेतातला लव्हाळा वरून खुरपला तरी गड्डा जमिनीखाली राहतो, तसा हा प्रकार आहे. रिपोर्ट चांगला आला तो गोळी चालू आहे म्हणून, आणि गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत पुन्हा दिसू लागतो.

तो नुसता दिसला तरी एक वेळ चालले असते. पण दबलेला विषाणू एकदम वाढला की शरीराची प्रतिकारशक्ती संसर्ग झालेल्या यकृतपेशींवर तुटून पडते, एएलटी शेकड्यांनी किंवा हजारांनी चढते आणि क्वचित यकृत पूर्णपणे निकामी होते. ज्यांना आधीच सिरॉसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणे) आहे त्यांना हा धक्का सहसा झेपत नाही. या औषधांच्या माहितीपत्रकात सर्वांत वर, चौकटीत, हाच इशारा छापलेला असतो. वाईट असे की सुरुवातीचे काही आठवडे माणसाला काहीच वाटत नाही, उलट गोळीवाचूनही आपण ठणठणीत आहोत असा त्याचा समज पक्का होतो.

औषध कधीच थांबवता येत नाही, असेही मी म्हणणार नाही. एचबीएसएजी हा विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजन (विषाणूचे प्रथिन) रक्तातून नाहीसा झाला, तर थांबवण्याचा विचार होतो. मात्र गोळ्यांवर असलेल्या रुग्णांत असे वर्षाला सुमारे शंभरात एखाद्याच्याच बाबतीत घडते. रक्तात ई प्रतिजन (विषाणूचे आणखी एक प्रथिन) असलेल्या आणि सिरॉसिस नसलेल्या काही रुग्णांत तो प्रतिजन जाऊन त्याविरुद्धचे प्रतिपिंड तयार झाल्यावर आणखी किमान वर्षभर उपचार चालू ठेवून मग थांबवतात. परंतु हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि थांबवल्यानंतर पुढचे अनेक महिने वारंवार रक्त तपासून. दुकानातून नवी बाटली न आणणे ही उपचार थांबवण्याची पद्धत नव्हे.

वेरणे_औषधशाळा

वेरण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीच्या गुणवत्ता विभागात काम करतो, म्हणून जेवणाच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

एन्टेकाव्हिर पोटात अन्न असताना घेतले तर रक्तात उतरणारे औषध एकूण १८ ते २० टक्क्यांनी घटते आणि त्याची सर्वोच्च पातळी जवळजवळ निम्म्याने खाली येते. म्हणून जेवणानंतर किमान दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी किमान दोन तास, असे दोन्ही बाजूंचे अंतर सांगितलेले असते. बरेच जण फक्त पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात. गोळी उठल्याउठल्या घेतात आणि दहा मिनिटांत पावाला हात घालतात. ज्यांचा दिवस लवकर सुरू होतो त्यांना रात्रीची वेळ सोपी पडते. साडेआठला जेवण आटोपले तर अकराच्या सुमारास झोपताना पाण्याबरोबर गोळी, आणि नंतर सकाळपर्यंत काही खायचे नाही. दुधाचा पेला किंवा सोलकढीसुद्धा त्या वेळेत नको. फक्त सकाळची वेळ बदलून रात्रीची करायची झाल्यास मधला एक दिवस कसा जुळवायचा, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून ठरवावे.

गंमत अशी की याच आजाराच्या दुसऱ्या गोळीचा नियम नेमका उलट आहे. टेनोफोव्हिर अलाफेनामाइड २५ मिलिग्रॅम ही अन्नाबरोबर घ्यायची असते, तर टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय, कशीही चालते. त्यामुळे शेजाऱ्याला कावीळ ब आहे आणि तो जेवून गोळी घेतो, म्हणून आपणही तसेच करावे, हा हिशेब चुकतो. बाटलीवरील पूर्ण नाव वाचावे. ‘टेनोफोव्हिर’ एवढेच वाचून थांबू नये.

साठवणीविषयी एक सूचना करतो, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती महत्त्वाची आहे. गोळ्या त्यांच्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात, आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये आणि झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावावे. आठवड्याच्या कप्प्यांची डबी सोयीची खरी, पण जून ते सप्टेंबर महिन्याभराच्या गोळ्या तिच्यात उघड्या काढून ठेवणे मला योग्य वाटत नाही. फ्रिजची मात्र आवश्यकता नाही.

केरी_तेरेखोल

मी स्वतः रुग्ण आहे आणि बरीच वर्षे टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल घेत होतो. औषध उत्तम आहे, विषाणू त्याला दाद देत नाही असे फारसे घडतच नाही. पण या औषधाचे मूत्रपिंडावर आणि हाडांवर लक्ष ठेवावे लागते, हे मला ज्या खासगी दवाखान्यात पहिल्यांदा औषध लिहून दिले तिथे कोणी सांगितले नव्हते. गुडघेदुखीसाठी मी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेत राहिलो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासले तेव्हा ते वाढलेले निघाले, लघवीत प्रथिनेही सापडली, आणि मग मला अलाफेनामाइडवर आणले.

तेव्हा धागाकर्तीच्या भावाला नसले तरी इतर वाचणाऱ्यांना सांगतो, की टेनोफोव्हिर चालू असताना अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आणि कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी कावीळ ब ची गोळी चालू आहे हे आधी सांगावे. सांगायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. आमच्या वाड्यावर अजूनही काही जण माझा पेला वेगळा ठेवतात. हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने पसरत नाही. रक्ताचा संपर्क, असुरक्षित लैंगिक संबंध आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, हे त्याचे मार्ग आहेत. दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश तेवढा वेगळा असावा.

जुवारीकाठ

केरी_तेरेखोल यांनी लिहिले ते महत्त्वाचे आहे. त्याला जोडून एवढेच, की एन्टेकाव्हिरही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर त्याचीही मात्रा किंवा दोन मात्रांमधील अंतर बदलावे लागते. भावाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर क्रिएटिनिन नियमाने तपासले जाते की नाही, ते पाहा. वेदनाशामक लागलेच तर पॅरासिटामॉल साधारणपणे चालते. सिरॉसिस असलेल्यांनी मात्र दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे जाऊ नये आणि तेही डॉक्टरांना विचारून.

अलाफेनामाइड घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन यांच्यामुळे त्याची रक्तातील पातळी घटते. क्षयाचे उपचार सुरू होणार असतील तर दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा.

रानवाट_सत्तरी

सर्वांबद्दल आदर ठेवून लिहितो. आमच्या सत्तरीत कावीळ झाली की भुईआवळी देतात, आणि लोक बरे झालेले मी लहानपणापासून पाहिले आहेत. तिला सरसकट अंधश्रद्धा म्हणणे पटत नाही. निसर्गातील औषधाने कोणते नुकसान होणार आहे?

जुवारीकाठ

अंधश्रद्धा कोणी म्हटलेले नाही, आणि भुईआवळीचा प्रश्न टाळण्यासारखाही नाही, कारण तिच्यावर खरोखरीच संशोधन झाले आहे. १९८८ साली चेन्नईच्या, तेव्हाच्या मद्रासच्या, संशोधकांनी भुईआवळीच्या जातीच्या वनस्पतीने अनेक वाहकांच्या (विषाणू अंगात टिकून असलेल्यांच्या) रक्तातून पृष्ठभागावरील प्रतिजन नाहीसा झाल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, आणि जगभर खळबळ उडाली. पण नंतर इतर ठिकाणी केलेल्या चाचण्यांत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. विज्ञानात एका चाचणीने काम भागत नाही, ती दुसऱ्याच्या हातीही उतरावी लागते.

आता तुम्ही बरे झालेले पाहिलेत, त्याचे कारण सांगतो. गावात ज्याला कावीळ म्हणतात ती बहुतेक वेळा दूषित पाण्यातून होणारी कावीळ अ किंवा ई असते. ती बहुसंख्य लोकांत आपोआप बरी होते, मग भुईआवळी घ्या, उसाचा रस घ्या किंवा काहीच घेऊ नका. प्रौढ वयात नव्याने झालेली कावीळ ब देखील शंभरातील पंचाण्णव जणांच्या शरीरातून स्वतःहून जाते. जी सहा महिन्यांहून अधिक टिकते तीच दीर्घकालीन, आणि तिचे वैशिष्ट्य असे की डोळे पिवळे न होताही ती वर्षानुवर्षे यकृत खात असते. पिवळेपणा उतरला की औषध लागू पडले, हा निकष तिथे उपयोगाचाच नाही.

नुकसानाविषयी : घरच्या भुईआवळीचा थोडासा रस हा विषसमान आहे असा माझा दावा नाही. माझी अडचण अशी, की काढ्यांमध्ये नेमकी कोणती वनस्पती, किती, आणि कशाबरोबर गेली हे कळत नाही. करोनाच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. त्या वादाचा निकाल इथे लावायचे कारण नाही. परंतु ज्याच्या यकृतात विषाणू आधीच बसलेला आहे, त्याचे एएलटी वाढले तर ते औषध चुकवल्यामुळे, विषाणू उलटल्यामुळे की काढ्यामुळे, हे ओळखणे मग अवघड होऊन बसते. मामींना दुखवू नका. रस घेतला असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, एवढे तरी कराच.

रानवाट_सत्तरी

अ आणि ब यांतील हा फरक मला आजवर कोणी असा समजावला नव्हता. भुईआवळीबद्दलचे माझे मत मी राखून ठेवतो, पण गोळीऐवजी ती घ्यावी असे मी कोणाला सांगणार नाही.

आबोली_फोंडा

सर्वांचे आभार. भावाला हा धागा वाचायला दिला आहे. त्याचा प्रश्न असा, की कधी गोळी राहूनच गेली तर काय करावे? मागे सावंतवाडीला लग्नाला गेलो होतो, तेव्हा बाटली घरीच राहिली होती. आणि दारूचे काय? उर्राकाच्या (काजूच्या बोंडांच्या दारूच्या) दिवसांत त्याला आवरणे कठीण जाते.

वेरणे_औषधशाळा

चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर आठवल्याबरोबर घ्यावी. एन्टेकाव्हिर असेल तर पोट रिकामे होईपर्यंत थांबून. दुसऱ्या दिवशीची वेळ अगदी जवळ आलेली असेल तर राहिलेली सोडून द्यावी आणि नेहमीची एकच घ्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. एखादी गोळी चुकल्याने आभाळ कोसळत नाही, पण वारंवार चुकू लागली तर ती सवय होते, विषाणू पुन्हा वाढतो आणि क्वचित औषधाला प्रतिकारही निर्माण होतो. पूर्वी लॅमिव्ह्युडिन एकटेच देत असत तेव्हा पाच वर्षांत सुमारे सत्तर टक्के रुग्णांत असा प्रतिकार दिसे. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांत एन्टेकाव्हिरविरुद्ध तो पाच वर्षांत एखाद्या टक्क्याच्या आसपास असतो. पण जे आधी लॅमिव्ह्युडिन घेऊन चुकले आहेत त्यांच्यात तो पुष्कळ जास्त असतो, म्हणून जुन्या औषधांचे कागद फेकू नयेत.

जुवारीकाठ

उर्राक, फेणी, बिअर, सर्वांचे उत्तर एकच : बंद. गोळी आणि दारू यांची पोटात मारामारी होते म्हणून नव्हे, तर विषाणू आणि दारू दोघेही त्याच यकृताला व्रण पाडतात आणि कर्करोगाची जोखीम वाढवतात म्हणून. त्यातही, दारू प्यायची आहे म्हणून त्या रात्री गोळी टाळायची, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. त्यात दोन्हीकडून तोटा आहे.

तारवटी_सासष्टी

मी जहाजावर काम करतो. आमच्यातल्या लोकांची अडचण वेगळी आहे. करार काही महिन्यांचा असतो आणि मधल्या बंदरांत ही गोळी मिळेलच असे नसते. शिवाय आखाती देशांच्या नोकरीसाठी जी वैद्यकीय तपासणी होते तिच्यात कावीळ ब तपासली जाते आणि दोष निघाला तर नाकारतात, त्यामुळे बरेच जण आजारच लपवतात आणि मग गोळ्याही लपूनछपून, अनियमित घेतात. घड्याळ सारखे पुढेमागे होते, तेव्हा वेळ कोणती धरायची?

जुवारीकाठ

तारवटीबाब, लपवाछपवीचा हा तोटा तुम्ही नेमका टिपलात. निघण्यापूर्वी पूर्ण करारापुरत्या आणि वर थोड्या अधिक गोळ्या, औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी आणि ताज्या रिपोर्टची प्रत घ्या. गोळ्या मोठ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. घड्याळाच्या बाबतीत फार काटेकोर होण्याचे कारण नाही. दोन गोळ्यांत साधारण चोवीस तासांचे अंतर राहील अशी जहाजावरच्या दिनक्रमातील एक वेळ धरा. काही तासांच्या फरकाने बिघडत नाही.

सुरंगी_पेडणे

माझ्या वहिनीला गरोदरपणात कावीळ ब निघाली आहे. सातवा महिना लागेल. घरचे म्हणतात की पोटुशीला असले कडक औषध नको. ती घाबरली आहे.

जुवारीकाठ

घाबरू नये, पण दिवसही दवडू नयेत. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण मिलिलिटरमागे दोन लाख आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा अधिक असेल, तर बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल सुरू करतात. या अवस्थेतील त्याच्या वापराचा अनुभव जगभर मोठा आहे. एन्टेकाव्हिर मात्र गरोदरपणात देत नाहीत. त्यावर असलेल्या स्त्रीने मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे. बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा आणि त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन मिळाले पाहिजे. ते प्रसूतीच्या जागी उपलब्ध आहे ना, याची चौकशी आजच करून ठेवा. पुढे अंगावर पाजण्यास हरकत नाही. प्रसूतीनंतर आईची गोळी थांबवली तर तिचेही यकृत उसळू शकते, म्हणून तिला काही महिने तपासणीत ठेवतात. सगळे लक्ष बाळाकडे गेले की हे विसरले जाते.

केरी_तेरेखोल

खर्चाचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे आणि त्यात तपासण्या व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. आपल्याकडे गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) चौकशी करावी. पैसे नाहीत म्हणून कोणी गोळी थांबवत असेल तर त्याला आधी तिकडे पाठवा.

आबोली_फोंडा

भावाने गोळी चालू ठेवण्याचे कबूल केले आहे आणि वेळ रात्रीची करून घेणार आहे. पुढच्या महिन्यात त्याची सोनोग्राफी आहे. डीएनए आढळत नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला, असे तो विचारतो. आणि त्या दिवशी उपाशी राहायला सांगतात, तर गोळीचे काय करायचे?

जुवारीकाठ

कावीळ ब मध्ये सिरॉसिस नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. औषधाने ती शक्यता बरीच घटते, पण शून्य होत नाही. ज्यांना जोखीम अधिक, म्हणजे सिरॉसिस असलेले, घरात यकृताचा कर्करोग झालेला असलेले किंवा ठरावीक वयापुढचे, त्यांना सहा महिन्यांच्या अंतराने सोनोग्राफी सांगतात. भावाला त्यांतील कोणत्या कारणाने सांगितली, ते डॉक्टरांना विचारून घ्या. त्याच भेटीत घरातल्या सर्वांच्या तपासणीचेही विचारा, कारण ज्यांना संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही त्यांना ०, १ आणि ६ महिन्यांनी लसीच्या तीन मात्रा घेता येतात.

गोळी रात्री घेत असतील तर त्या दिवशी काहीच बदलावे लागणार नाही. सकाळचीच असेल तर सोनोग्राफी केंद्रात आधी विचारून घोटभर पाण्याबरोबर घेता येते, मात्र तपासणी संपल्याबरोबर भाजी-पावाच्या गाड्यावर जाऊ नये; गोळीनंतरचे दोन तास तिथेही मोजायचे.